फाट्यावरचा खांब

दिवा राहू दे बंद. गॅलरीत एकमेकांची तोंडं दिसतायत, तेवढी पुरेत. तुम्ही पोरं शनिवारी गाड्या घेऊन डोंगराकडे निघालात ना, म्हणून सांगते. घाबरवायला नाही हं. पण ही माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, आणि त्याने ती मला माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशी स्टूल ओढून सांगितली. हातात चहाचा कप होता. चहावर साय धरली, साय सुरकुतली, तरी त्याने कप ओठाला लावला नाही. तेव्हा खोटं म्हणायचं असेल तर मनातल्या मनात म्हणा.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. चष्म्याच्या काचा घासून देतो. दुकान चष्म्यांचं, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, त्यामुळे दोस्तांनी नाव ठेवलं चष्मा. आता त्याची बायकोसुद्धा चुकून तेच म्हणते. दोस्त तीन. एक मोटार शिकवायची शाळा चालवतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. रस्त्यावरून चालत जाणाऱ्या माणसालासुद्धा तो "डावीकडून, डावीकडून" असं ओरडतो. दुसरा दातांचा डॉक्टर. आणि तिसरा लंबू.

लंबूचं जरा सांगायला हवं. तो आणि चष्मा एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत वाढले. लंबूच्या घरी सगळे कामाला जाणारे, म्हणून शाळेतून आला की तो सरळ आमच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात. वहिनी म्हणायची, "मला एक झाला आणि एक आयता मिळाला." माझ्या भावाला एका रात्री छातीत दुखायला लागलं, तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती. लंबूने त्याला पाठुंगळी घेऊन जिने उतरवले. विशीतलं पोरगं, पाय लटपटत होते, पण कठड्याला टेकलासुद्धा नाही. पुढे तो लिफ्ट बसवायच्याच कामाला लागला. आम्ही म्हणायचो, पाठ दुखली म्हणून शिकला रे हा. तो हसायचा. चष्म्याला सख्खा भाऊ नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आहे की. समोरच्या दारात."

तर या चौघांनी परदेशात जाऊन मोटारसायकली भाड्याने घ्यायच्या आणि खेड्यापाड्यांतून हिंडायचं ठरवलं. वर्षभर नुसतं ठरतच होतं. शेवटी गेले एकदाचे. मोठमोठी शेतं, गवताचे गुंडाळून ठेवलेले भारे, लांबच लांब कुंपणं, आणि कोसभर गेलं तरी माणूस नाही. चष्मा तिथून फोटो पाठवायचा. प्रत्येक फोटोत लंबूचं डोकं वर कापलेलं.

आता यांची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. चौघांनी एका वेगाने चालवणं काही जमत नाही. कुणी पुढे पळतो, कुणी मागे रेंगाळतो. म्हणून मास्तरने नियम घालून दिलेला. सगळ्यात पुढे मास्तर, त्यालाच रस्ता ठाऊक. सगळ्यात मागे एकजण, त्याचं नाव शेपूट. रस्त्याला फाटा फुटला आणि मास्तर वळला, की त्याच्या मागच्या माणसाने तिथेच गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला हात लांब करून उभं राहायचं. त्याला म्हणायचे खांब. बाकीचे त्याचा हात बघून वळणार. शेवटी शेपूट येणार, दोनदा दिवा मिचकावणार. तो मिचकावला की खांब मोकळा. त्याआधी खांबाने हलायचं नाही. पाऊस येवो, लघवीला लागो.

आणि नियमाचा दुसरा भाग. फाट्यावर खांब नसला तर सरळ जायचं. विचार करायचा नाही. खांब नाही याचा अर्थ मास्तर वळलेला नाही.

शेपूट नेहमी चष्मा. त्याला घाई नसते आणि डोळ्यांमुळे तो बेताने चालवतो. हत्यारांची पिशवी त्याच्या गाडीवर, त्यामुळे त्याची कपड्यांची सॅक लंबूच्या गाडीला बांधलेली. तो म्हणायचा, "आत्या, शेपटाला मजा असते. डोकं वापरावं लागत नाही. हात दिसला की वळायचं, नाही दिसला की सरळ. कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, एवढं बास असतं."

ऑक्टोबर संपत आलेला. बुधवार. अमावस्येची आदली रात्र, हे मी नंतर कॅलेंडर उघडून बघितलं.

दुपारी ते एका पेट्रोल पंपावर जेवायला थांबले होते. तिथून निघाले, बरेच पुढे गेले, एका ओढ्याच्या पुलावर फोटो काढायला थांबले, तेव्हा डॉक्टरला आठवलं, आपली गळ्यातली पिशवी पंपावरच्या खुर्चीला अडकवलेली राहिली. पासपोर्ट तिच्यात.

"चष्म्या, तू जा ना," डॉक्टर म्हणाला. "तू तसाही शेवटीच असतोस."

"म्हणजे मी हळू चालवतो म्हणून मी दुप्पट चालवायचं?"

"तुझे दात मी फुकट बघतो ते विसरलास?"

"फुकट बघतोस, पण उपटतोस तेव्हा बिल लावतोस."

हसले सगळे. मास्तर म्हणाला, ऊन उतरतंय, आपण पुढे होऊ, मुक्कामाच्या घरी जेवण सांगून ठेवू, खांब लावत जाऊ. चष्मा पाय टाकून गाडीवर बसला आणि त्याने लंबूकडे नुसतं बघितलं. लंबूने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली.

"बघतोस काय? मास्तरच्या मागे मीच आहे. जिथे वळेल तिथे मी उभा राहतो. तू येईपर्यंत हलणार नाही. जा बिनधास्त."

"थंडी पडेल रे."

"पडू दे. आईशप्पथ, हलणार नाही."

गेला चष्मा. पंपावर पोचला तर खाणावळ बंद झालेली. मालक शोधला, त्याने किल्ली शोधली, पिशवी मिळाली. कामं अशी लहान असतात आणि वेळ खातात. परत त्या ओढ्याच्या पुलावर येईपर्यंत दिवस मावळला. तिथे दिवस मावळला की थंडी अशी पडते, म्हणाला, की कुणीतरी वरून झाकण काढल्यासारखी. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली. मग काच जरा वर करून, डोळ्यांवर वारा घेत तो चालवत होता. फोनला खोऱ्यात रेघसुद्धा नाही.

पुलाच्या पुढे बऱ्याच वेळाने एक लाकूड कापायची गिरणी आली. बंद पडलेली. ओंडके रचून ठेवलेले, त्यांना शेवाळ धरलेलं. तिथे रस्ता फुटत होता. एक सरळ, एक उजवीकडे. चष्म्याने वेग कमी केला.

खांब नव्हता.

त्याने गाडी थांबवली. इकडे तिकडे दिवा फिरवला. ओंडके. गिरणीचं दार. कुणी नाही. पण नियम तो नियम. खांब नाही म्हणजे सरळ. लंबू पुढच्या फाट्यावर असेल. त्याने शीळ घातली आणि सरळ निघाला.

इथे मी त्याला विचारलं, "अरे, तुला संशय कसा नाही आला?"

तर म्हणाला, "आत्या, संशय कुणावर घेऊ? लंबूवर?"

सरळ रस्ता हळूहळू बिघडत गेला. डांबर फुटलेलं, कडेचं गवत रस्त्यावर आलेलं. समोरून एक गाडी नाही. घरं दिसली, पण खिडक्यांना फळ्या मारलेल्या. एका घराच्या दारात मुलाची तीनचाकी सायकल पडलेली, गंजून लाल. आपण चुकलो की काय असं दोनदा मनात आलं, आणि दोनदा त्याने तो विचार परतवला. मास्तरला जुने रस्ते आवडतात. मुद्दाम घेतला असेल.

आणि मग लांबवर, दिव्याच्या टोकाला, माणूस दिसला.

उंच. हेल्मेट घातलेला. बाजूला गाडी. उजव्या हाताला एक अरुंद रस्ता चढावर जात होता आणि त्या रस्त्याकडे त्याचा हात... लांब केलेला.

चष्म्याच्या जिवात जीव आला. इतका आनंद झाला की दिवा मिचकावायचं विसरलाच तो, नुसता हॉर्न वाजवत सुटला. जवळ जाऊन गाडी उभी केली, स्टँडवर घेतली, हातमोजे काढून तोंडाशी हात चोळत बडबडायला लागला.

"लंब्या, साल्या, किती वेळ उभा आहेस? तो पंपवाला किल्लीच शोधत बसला होता. डॉक्टरला सांगतो, पुढची दाढ फुकट पाहिजे मला. चल, निघू. अरे, हात खाली घे आता. आलो मी."

हात खाली आला नाही.

"लंब्या?"

काही नाही.

"चेष्टा पुरे हं."

चष्मा हसत हसत एक पाऊल पुढे गेला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. बोलला की वाफ, श्वास सोडला की वाफ. समोरच्याच्या हेल्मेटची काच खाली होती. त्या काचेवर... वाफ नव्हती. चष्मा दिवसभर काचाच बघतो. बंद काचेमागे श्वास असला की या थंडीत ती काच धुरकट होतेच. ही स्वच्छ होती. कोरडी. जुन्या पद्धतीची, फुगीर. आणि तिच्यामागे...

तिच्यामागे काय होतं, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याची नजर खाली गेली. माणसाशेजारची गाडी कुंपणाला टेकलेली. तिच्या चाकांच्या तारांमधून गवत वर आलेलं. एका रात्रीत येणारं गवत नव्हे. जाड. तारांना विळखे घालून वाढलेलं.

लंबूची गाडी निळी होती. हिला रंगच नव्हता.

चष्मा मागे सरला. एक पाऊल. दुसरं. हातमोजा खाली पडला, उचलला नाही. गाडीवर बसला. किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, देवाची कृपा.

आता कुठे जायचं? हात दाखवत होता चढावर. आणि ज्याचा हात होता, तो लंबू नव्हता. कोण होता देव जाणे. असल्याने दाखवलेल्या रस्त्याला कोण जाईल? तुम्ही जाल? मीही गेले नसते.

तो सरळ गेला. सुसाट.

रस्ता उताराला लागला. वळणं नाहीत. उतार. वारा थांबला. झाडं संपली. आरशात बघायचं नाही असं त्याने ठरवलं. काच खाली होती, वाफ धरत होती, पुसायला हात सोडवत नव्हता. मधला पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. पट्ट्यावर चालवायची. फक्त पट्टा बघायचा. पट्टा... पट्टा...

पट्टा हलला.

पट्टा कसा हलेल?

त्याने दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरली, आडवी होता होता राहिली, आणि पुढच्या चाकाने पाणी उडवलं. इंजिन बंद पडलं.

काच वर केली. समोर पाणी. काळं. पलीकडचा काठ नाही. रस्ता पाण्यात गेला होता. थांबला नव्हता, वळला नव्हता, तसाच चालत आत गेला होता, आणि दिव्याच्या उजेडात तो पांढरा पट्टा पाण्याखाली लांबपर्यंत दिसत होता. अजून एक श्वास उशीर झाला असता तर...

धरणाचं पाणी होतं ते. जुना रस्ता त्यात बुडालेला. त्याला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की सरळ जाणारा रस्ता मरणाचा होता. म्हणजे...

म्हणजे तो हात खरा होता.

किती वेळ तिथे उभा होता, त्याला आठवत नाही. पाणी बुटात शिरलं तेव्हा भानावर आला. गाडी ओढून मागे घेतली. परत जायला रस्ता एकच. चढावर. त्याच फाट्यावरून.

गेला.

तो होता. तसाच. मघाशी डावा हात लांब केला होता. आता चष्मा उलट्या बाजूने येत होता, तर तोंड याच्याकडे वळलेलं. आणि उजवा हात... त्याच चढाकडे.

चष्मा लांबूनच थांबला. दात वाजत होते. पुढे जाववेना, मागे पाणी. मग त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. कदाचित शरीरालाच सवय. त्याने अंगठ्याने बटण दाबलं. दिवा मिचकावला. एकदा.

परत. दोनदा.

शेपूट आलं. मागे कुणी नाही.

चष्मा म्हणाला, आत्या, तो हात खाली आला. हळूहळू. फार दिवसांनी हलवल्यासारखा. खांद्यातून. मग कोपरातून. मग शेवटी बोटं मिटली.

चष्मा त्याच्या जवळून गेला. बघितलं नाही. चढाला लागला. वळण. दुसरं वळण. आणि आरशात... एक दिवा. पिवळसर. मंद. मागून येणारा. आवाज नाही. अंतर तेवढंच. याने वेग वाढवला, तेवढंच. कमी केला, तेवढंच.

चढ संपला आणि मोठ्या रस्त्याला लागला. नवा, गुळगुळीत, पांढरे खांब लावलेला. लांबवर एका घराच्या खिडकीत उजेड. दारात तीन मोटारसायकली. त्याने फाटकातून गाडी आत घातली आणि मग धीर करून आरशात बघितलं.

काही नव्हतं.

घर एका बाईचं होतं. वरच्या खोल्या प्रवाशांना देते, खाली स्वतः राहते. चष्मा दार ढकलून आत गेला. शेगडी पेटलेली. बूट ओळीने वाळत ठेवलेले. तिघं टेबलापाशी. आणि लंबू केस ओले करून बसलेला, अंगात चष्म्याचा स्वेटर. सॅक लंबूच्याच गाडीला होती ना. मी विणलेला स्वेटर तो, राखाडी, कोपरांना दुहेरी लोकर.

"आलं, आलं! शेपूट आलं!" मास्तर ओरडला.

"पिशवी मिळाली?" हा डॉक्टर. आधी पिशवी.

चष्म्याने पिशवी टेबलावर ठेवली.  तो सरळ लंबूसमोर जाऊन उभा राहिला. आता बघा, त्याला काय हवं होतं. त्याला एवढंच हवं होतं की लंबूने हो म्हणावं. लंबू हो म्हणाला की सगळं मिटलं. मग ते गवत नाही, ती काच नाही. अंधारात डोळ्यांनी दगा दिला, एवढंच. डोळ्यांनी दगा दिलेला चालतो माणसाला.

"लंब्या, खरं सांग. त्या दुसऱ्या फाट्यावर तू होतास ना? मला चढाचा रस्ता दाखवलास... असा?" आणि त्याने हात लांब करून दाखवला. "तूच ना?"

लंबूने त्याच्याकडे बघितलं. पापणी लवते ना, तेवढाच वेळ. मग हसला.

"मग दुसरं कोण असणार? मीच. हात भरून आला उभं राहून राहून."

चष्म्याने खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडला म्हणे. सुटलो म्हणून रडला. लंबू त्याच्या पाठीवर थोपटत होता.

"कधी उभा होतास तू?" मास्तर म्हणाला.

सहज विचारलं त्याने. पावाचा तुकडा मोडत. त्याच्या मनात काही नव्हतं.

"गिरणीच्या फाट्यावर तुला ठेवलं होतं, पण तू तर लगेचच आलास की मागून. पुढच्या वळणावरच गाठलंस आम्हाला. म्हणालास, चष्म्याचा फोन लागला, त्याला रस्ता सांगितलाय, गिरणीपाशी उजवीकडे वळ म्हणून. इथे येऊन पहिली अंघोळ तूच केलीस."

थोपटणारा हात थांबला.

चष्म्याला कुणाचा फोन आलाच नव्हता. फोन खिशातच होता. रेघ नसलेला. दिवसभर.

 शेगडीत लाकूड सरकलं, तेवढा आवाज.

"थंडी होती रे," लंबू म्हणाला. "म्हटलं, तू काय... येशील. मोठा रस्ता आहे. कुणीही उजवीकडेच वळेल."

"खांब नसला तर सरळ," चष्मा म्हणाला.

"हो, पण..."

"खांब नसला तर सरळ, लंब्या."

घरमालकीण ताटल्या घेऊन दाराशी उभी होती. भाषा तिला कळत नव्हती, पण चष्म्याने हात लांब केलेला तिने बघितला होता. तिने ताटल्या खाली ठेवल्या. स्वतःचा हात तसाच लांब केला आणि चष्म्याला काहीतरी विचारलं. मास्तरला तिथली भाषा मोडकीतोडकी येत होती.

"विचारतेय, धरणाच्या रस्त्यावर का?"

चष्म्याने मान हलवली.

बाई खुर्चीत बसली. थोडं थोडं बोलली. मास्तर थांबत थांबत सांगत होता. धरण झालं त्याच्या आधीपासूनची गोष्ट. असेच कुणी गाड्यांवरून आलेले. एकाला उभं केलं मागच्यासाठी. ते पुढे गेले... दुसऱ्या रस्त्याने घरी गेले. हिवाळ्याची रात्र. त्याला सांगायला कुणी परत आलं नाही.

"सकाळी?" डॉक्टरने विचारलं.

 बाईचा हात अजून लांबच होता. मग तिचं लक्ष लंबूकडे गेलं. तिने त्याच्याकडे बोट करून मास्तरला काही विचारलं. मास्तर हो म्हणाला. बाईचा चेहरा बदलला. ती उठली, खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि एकच वाक्य बोलून आत गेली.

"काय म्हणाली?" लंबूने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाला.

विमानतळावर त्याने चष्म्याला सांगितलं. बाईने विचारलं होतं, हा माणूस म्हणतोय का की तिथे मी उभा होतो? आणि मग म्हणाली होती, त्याला सांग, असं बोलू नकोस. तिथे जो उभा आहे, त्याला ऐकू जातं.

परत आल्यावर चष्मा लंबूशी बोलला नाही. आजतागायत नाही. समोरासमोरची दारं, त्यामुळे आपली आपली वेळ सांभाळून दोघं दार उघडायचे. मग लंबूने बिऱ्हाड हलवलं. गावाच्या कडेला, जिथे रस्ता दोन गल्ल्यांत फुटतो, तिथल्या कोपऱ्यावरचं घर घेतलं. जाण्याआधी दुकानात येऊन उभा राहिला, म्हणाला, चुकलं माझं. चष्मा काच घासत राहिला. घासायच्या चाकाचा आवाज चालू ठेवला.

मीच रागावले त्याला. म्हटलं, "अरे, तुझ्या बापाला पाठीवर घेऊन जिने उतरलाय तो. एकदा थंडीला घाबरला, एवढं काय? माणूस आहे."

तेव्हा त्याने चहाचा तो कप ओट्यावर ठेवला.

"आत्या, सोडून गेला त्याचं नाही गं मला. तो म्हणाला असता ना, नव्हतो मी, घाबरलो, गेलो, तर मी तिथेच त्याच्या गळ्यात पडलो असतो. पण मी त्याला विचारलं, तूच होतास ना, आणि तो... हो म्हणाला. एक जण माझ्यासाठी उभा होता. मला वाचवलं. आणि याने ते स्वतःच्या नावावर लावून घेतलं. माझ्याच स्वेटरात बसून."

मी तो गार चहा मोरीत ओतला. 

उन्हाळ्यात लंबूची बायको आली माझ्याकडे. एकटी. ओळखू येईना, इतकी वाळलेली. म्हणाली, "आत्या, चष्माभाऊजींना सांगा ना, यांच्याशी एकदा बोला म्हणावं. हे झोपत नाहीत."

"का झोपत नाही?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अगं, सांग ना."

"खिडकी बंद ठेवतात. इतक्या उकाड्यात. म्हणतात, बाहेर बघायचं नाही." मग माझा हात धरला तिने. "तुम्ही या ना सकाळी. लवकर. ऊन चढायच्या आत. मला कुणीतरी सांगा की मी वेडी नाही."

गेले मी. दुसऱ्याच दिवशी, पहिली रिक्षा करून. उकाडा असा की रात्रभर पंख्याखाली माणूस भिजत होता. ती दाराशी उभीच होती.  मला हाताला धरून कोपऱ्यावर नेलं, जिथे दोन गल्ल्या फुटतात तिथे, त्यांच्या फाटकापासून चार हातांवर.

डांबर कोरडं होतं. धूळ होती. आणि धुळीत दोन पावलांएवढी जागा पांढरी.

मी वाकले. गुडघे दुखतात माझे, तरी वाकले. रांगोळी नव्हती, चुना नव्हता. बोट लावलं. गोठलेलं दव होतं. कडक. भर मे महिन्यात. बोटाला चिकटलं आणि पाणी झालं.

दोन पावलं, शेजारी शेजारी, खांब उभा राहतो तशी. बुटांची. कुठून आली नाहीत, कुठे गेली नाहीत. टाचा लंबूच्या दाराकडे. टोकं रस्त्याकडे.